बाराचं ऊन, चारचं ऊन

सोलापुरात उन्हाबद्दल कुणाला काही शिकवायला जाऊ नये. एप्रिल लागला की पेपरात रोज पारा छापून येतो आणि ‘काल त्रेचाळीस झालं’ हे सांगताना सोलापूरकराच्या आवाजात तक्रारीइतकाच अभिमान असतो. उन्हाचे आमचे नियमही पक्के आहेत. सकाळी दहा-साडेदहापर्यंत बाजारहाट उरकायचा. बारा ते चार दारं लोटून पंख्याखाली पडायचं. चारलाही ऊन चावतंच, म्हणून पोरांना सहाच्या आत खेळायला सोडायचं नाही. या नियमांमागे पिढ्यांचं शहाणपण आहे आणि ते सगळं तापमानावर बेतलेलं आहे. त्यात काही वावगं नाही, उष्माघात तापमानानंच होतो.

पण उन्हात आणखी एक गोष्ट येते, जिचा आपल्या अंगाला पत्ताच लागत नाही. अतिनील किरण, म्हणजेच अल्ट्राव्हायोलेट किंवा यूव्ही. ते चटका देत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत, घाम फोडत नाहीत. कातडी रापते, काळवंडते, सुरकुतते, डोळ्यात मोतीबिंदू लवकर येतो, तो हिशेब संध्याकाळी किंवा वीस वर्षांनी कळतो. मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. फळ्यावर वर्णपट काढून जांभळ्याच्या पलीकडे खडूनं एक बाण ओढायचा आणि ‘हे अतिनील’ म्हणून पुढच्या धड्याकडे वळायचं, हे इतकी वर्षं चाललं होतं. तो बाण मोजून बघावा असं वाटलं, आणि पुण्याला गेले होते तेव्हा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एक सेन्सर घेऊन आले.

त्याचं नाव जीयूव्हीए-एस१२एसडी. नाव बोजड, वस्तू चिमुकली. नखाएवढ्या पाटीवर मधोमध साडेतीन मिलिमीटर लांबीचा चौकोन, त्यावर पारदर्शक झाकण, आणि नीट पाहिलं तर आत पिवळसर ठिपका. तो ठिपका गॅलियम नायट्राइडचा. शेजारी एक काळी आयसी असते. ठिपक्यातून येणारा करंट इतका क्षीण असतो की तो वाढवून व्होल्टेजमध्ये बदलल्याशिवाय कुठल्याही साध्या मीटरला कळणार नाही, ते काम या आयसीचं. बाहेर तीनच पिना: वीज, जमीन (ग्राउंड) आणि सिग्नल. सिग्नलची वायर अर्डुइनो नॅनोला, म्हणजे व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमेबल पाटीला, जोडली की मोजायला सुरुवात.

गॅलियम नायट्राइडच का, हे विद्यार्थ्यांना सांगायला मला फार आवडतं. या पदार्थातला इलेक्ट्रॉन सुटा करायला ३.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. प्रकाशाच्या भाषेत ते होतात साधारण ३६५ नॅनोमीटर. त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश, म्हणजे आपल्याला दिसतो तो सगळा, जांभळ्यापासून लालपर्यंत, कितीही ओतला तरी इलेक्ट्रॉन हलत नाही. सिलिकॉनचा सेन्सर घेतला तर तो दिसणाऱ्या प्रकाशानं आधीच भरून जातो आणि त्याच्यापुढे फिल्टर लावत बसावं लागतं. याला गरज नाही, हा जन्मतःच आंधळा आहे, फक्त अतिनील सोडून. निळा एलईडी ज्याच्यापासून बनतो तोच हा पदार्थ. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्या निळ्या दिव्यासाठी मिळालं. तिथे वीज घालून प्रकाश काढतात, इथे उलटं.

हे खरंच असं आहे का, ते रात्री घरातच बघता येतं. बाजारात नोटा तपासायच्या जांभळ्या बॅटऱ्या मिळतात. त्यातल्या स्वस्तातल्या बऱ्याचशा ३९५ नॅनोमीटरच्या असतात. ती बॅटरी सेन्सरवर धरली, खोली जांभळी झाली, आकडा जागचा हलला नाही. ३६५ ची बॅटरी धरली, तिचा उजेड डोळ्यांना जेमतेम फिकट दिसत होता, आणि आकडा झरकन वर गेला. वर्गात हा प्रयोग केला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे येतात. जांभळं दिसलं म्हणजे अतिनील, ही समजूत त्या एका मिनिटात जाते.

यातला इतिहासही गमतीचा आहे. १८०० साली विल्यम हर्शेलनं लोलकातून सूर्यप्रकाश फोडला आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. ते अवरक्त किरण. पुढच्याच वर्षी जर्मनीत योहान रिटरनं दुसऱ्या टोकाला तपासायचं ठरवलं. तिथे थर्मामीटरचा उपयोग नव्हता. त्यानं सिल्व्हर क्लोराइड वापरलं, जे उजेडात काळं पडतं, आणि ते जांभळ्याच्या पलीकडच्या अंधारात सगळ्यात लवकर काळं पडलं. म्हणजे सुरुवातीपासूनच एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला रसायन. आम्ही सोलापूरकर हर्शेलच्या बाजूचे. रिटरच्या बाजूचं आम्हाला कुणी मोजून दाखवलं नव्हतं.

आता आकडा कसला, ते थोडं सांगायला हवं. यूव्ही इंडेक्स ही मोजपट्टी कॅनडात १९९२ साली सुरू झाली, पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं आणि हवामान संघटनेनं ती जगभर लावली. कातडी भाजण्याची ताकद ज्या तरंगलांबीत जास्त, तिला जास्त वजन देऊन सगळ्यांची बेरीज करायची; दर चौरस मीटरला असे २५ मिलिवॉट झाले की इंडेक्स एक. तीनपासून काळजी घ्या, आठला फार जास्त, अकराच्या पुढे अती. या सेन्सरच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा की दर ०.१ व्होल्टला एक इंडेक्स. अर्डुइनोच्या पोटात १.१ व्होल्टचा स्वतःचा स्थिर संदर्भ, म्हणजे मोजणीची वरची मर्यादा, असतो आणि शिकवणीचे काही व्हिडिओ तोच वापरायला सांगतात, कारण यूएसबीचे पाच व्होल्ट कधी पाच नसतात. पण १.१ व्होल्ट म्हणजे इंडेक्स अकरा. त्याच्यावर आकडा १०२३ ला, म्हणजे अर्डुइनोच्या मोजणीच्या शेवटच्या टोकाला, जाऊन चिकटतो. लंडनमध्ये चालेल. सोलापुरात मे महिन्यात चालत नाही, म्हणून मी ३.३ व्होल्टची पिन संदर्भाला जोडली आणि पन्नास-पन्नास वाचनांची सरासरी काढत राहिले.

जुळे सोलापुरात आमचं घर आहे, वर गच्ची, आसपास अजून उंच इमारती फार नाहीत. सेन्सर आडवा, तोंड आभाळाकडे. त्याच्यावर काच चालत नाही, कारण काच हेच किरण अडवते; साधं प्लास्टिकही भरवशाचं नाही. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉनची टेप दोन पदरी ताणून बसवली. टेफ्लॉनमधून अतिनील जातं, शिवाय सगळीकडून येणारा प्रकाश ते पसरवून देतं, त्यामुळे सूर्य तिरपा असतानाही सेन्सर अगदीच डोळे मिटत नाही. त्या पदरांनी काही प्रकाश खाल्ला, म्हणून दुपारच्या आकड्याला एक गुणक लावला. नॅनो मात्र जिन्याच्या सावलीत ठेवला, त्या डबीला गच्चीवरच्या फरशीचा ताप सोसवला नसता. धूळ ही दुसरी कटकट. आमच्याकडे वारा सुटला की काळ्या रानाची सगळी माती गच्चीवर येऊन बसते. ओल्या फडक्यानं टेप पुसली की आकडा लगेच थोडा वर सरकतो.

या सगळ्याकडे सासूबाईंचं बारीक लक्ष होतं. गच्चीवर त्यांचं वाळवण असतं, कुरडया, सांडगे, ज्वारीचे पापड, आणि माझी वायर त्यांच्या चादरीवरून जात होती.

“काय करायलीस गं उन्हात?”

“आई, ऊन मोजतेय.”

“मला विचार की. कुरडई किती वाजता उलथायची ते मला बिनमशीनचं कळतंय.”

आणि खरंच कळतं. पण त्यांना लागतो तो कोरडा वारा आणि तापलेली फरशी. माझ्या वायरला दुसरंच काही कळत होतं.

मे महिन्यातला एक मोकळ्या आभाळाचा दिवस घ्या. सातला सेन्सरवर जवळपास काही नाही. आठनंतर आलेख चढायला लागतो. दहाला, म्हणजे जेव्हा अख्खं सोलापूर ‘अजून ऊन तापलं नाही’ म्हणत पिशव्या घेऊन बाजारात असतं, तेव्हा आकडा नऊच्या पुढे गेलेला असतो. तापमान तेव्हा पस्तिशीच्या आसपास, म्हणजे आमच्या हिशेबानं सुसह्य. शिखर बाराच्या पुढे वीसेक मिनिटांनी येतं, बारा-तेराच्या घरात. सोलापूर पंच्याहत्तर-शहात्तर अंश रेखांशावर आहे आणि घड्याळ साडेब्याऐंशी अंशांचं वापरतं, म्हणून आमचा सूर्य घड्याळापेक्षा मागे असतो आणि खरा मध्यान्ह बारा वाजून वीस-बावीस मिनिटांनी होतो. तिथून आलेख जसा चढला तसाच उतरतो. पारा मात्र अजून चढत असतो. तो आपला सगळ्यात वरचा आकडा साडेतीन-चारला गाठतो, कारण जमीन तापायला आणि तिनं हवा तापवायला वेळ लागतो. त्या चारला, जेव्हा डांबर मऊ झालेलं असतं आणि कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला पडून असतात, माझा सेन्सर सहाच्या आसपास उतरलेला असतो.

हे पुस्तकात होतंच. सूर्याची उंची महत्त्वाची, तापमान नाही. पण दहाचं ऊन चारच्या उन्हाहून जास्त लागतं हे वाक्य म्हणून माहीत असणं वेगळं आणि दहाला भाजी घेताना स्वतःच्या उघड्या कोपराकडे बघणं वेगळं. माझ्या मुलीनं तो आलेख फ्रिजवर चिकटवला आणि पाऱ्याचा आलेख लाल पेनानं त्यावर काढला. दोन टेकड्या, एकीचं टोक बारा-वीसला, दुसरीचं चारला. मधल्या साडेतीन तासांच्या फरकात आमचे सगळे घरगुती नियम अडकले आहेत.

सेन्सर नसला तरी सावली आहे. उभं राहून आपली सावली बघायची. ती उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर आहे आणि अतिनील भरपूर आहे. मे महिन्यात ही वेळ सव्वानऊच्या सुमारास सुरू होते आणि साडेतीनपर्यंत राहते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर एक दिवस सूर्य नेमका डोक्यावर येतो, बोअरच्या पाइपाची सावली पाइपाच्याच पोटात जाते. कॉलेजात आम्ही तो दिवस मुलांना घेऊन साजरा करतो. जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर तो योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ बहुधा झाकलेलं. थंडीतलं मला जास्त नवल वाटलं. डिसेंबरात, अगदी लहानातल्या लहान दिवशीही, सोलापुरात मध्यान्हीचा सूर्य एकोणपन्नास अंशांच्या जवळ असतो, म्हणजे सावली तेव्हाही उंचीपेक्षा थोडी आखूडच. इंडेक्स सातच्या आसपास. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत लोक दुपारभर नंदीध्वजांच्या मिरवणुकीत उघड्या डोक्यानं उभे असतात आणि म्हणतात, काय छान ऊन पडलंय.

छान उन्हावरून आठवलं. सासूबाईंचं ड जीवनसत्त्व कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि शेजारच्या चार बायकांनी कोवळं ऊन दिलं. सकाळी सातला गच्चीवर पाठ करून बसायचं. हा सल्ला महाराष्ट्रात इतका सार्वत्रिक आहे की त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे आज्यांच्या एका पिढीशी वैर. पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते यूव्हीबीमुळे, २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यामुळे, आणि सकाळी सातला सूर्य इतका तिरपा असतो की त्याचा प्रकाश ओझोनच्या थरातून लांबच लांब आडवा येतो. यूव्हीबी वाटेतच संपतं. कोवळ्या उन्हात ऊब आहे, गप्पा आहेत, गुडघ्यांना बरं वाटतं, पण ज्यासाठी बसवलंय ते जवळपास नाही. मी हे आईंना आलेख दाखवून सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग बाराला बसू का?” तेही मी सुचवणार नव्हते, किती, कधी, कुणी, हे डॉक्टरांनी ठरवावं. गोळ्या चालू आहेत. सातची बैठकही चालू आहे.

इथे माझ्या सेन्सरची एक खोड सांगायलाच हवी, कारण ती विकणारे सांगत नाहीत. खिडकीच्या काचेमागे तो ठेवला तर आकडा निम्म्यापेक्षा थोडा खाली येतो, शून्य होत नाही. साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. मग हा उरलेला आकडा कशाचा? यूव्हीएचा, ३१५ ते ४०० च्या पट्ट्यातला, जो काचेतून बराचसा येतो. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनीलमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा त्याचाच असतो आणि माझा सेन्सर मुख्यतः त्यावरच जगतो. यूव्ही इंडेक्सचं वजन मात्र यूव्हीबीकडे झुकलेलं. म्हणजे मी धाकट्याला मोजून थोरल्याचं वय सांगतेय. दुपारी मी गुणक लावून फोनवरच्या हवामानाच्या आकड्याशी मेळ घातला की सकाळ-संध्याकाळ सेन्सर जास्त दाखवतो, कारण तिरप्या उन्हात यूव्हीबी जितकं मरतं तितकं यूव्हीए मरत नाही. वर चारचा आकडा सहा सांगितला, तिथे फोन चार सांगतो आणि फोनच बरोबर. गंमत अशी की खोड दुरुस्त केली तर चारचं ऊन आणखी मवाळ ठरतं. बाजारात असे दुसरेही सेन्सर आहेत, एलटीआर३९० वगैरे, आकडा थेट डिजिटल देणारे. एसआय११४५ नावाचा एक तर अतिनील मोजतच नाही, दिसणाऱ्या आणि अवरक्त प्रकाशावरून अंदाज बांधतो. घेण्याआधी डेटाशीटमधला तरंगलांबीचा आलेख उघडून बघावा, जाहिरातीतला आकडा नाही.

सावलीनंही मला जरा घाबरवलं. विजापूर रोडवर एका कडुनिंबाखाली रसवंती आहे. तिथे बाकावर सेन्सर ठेवला तर दाट फांदीखाली आकडा छान पडला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे डोक्यावर फांदी होती पण समोर मोकळं आभाळ, तिथे तो बराच वर. जितकी तरंगलांबी लहान तितका प्रकाश हवेत जास्त विखुरतो, चौथ्या घाताच्या प्रमाणात. ३५० नॅनोमीटरचं अतिनील ७०० च्या लालपेक्षा सोळापट. म्हणून आभाळ निळं दिसतं, आणि आपल्याला अतिनील दिसत असतं तर ते अख्खं झगझगीत दिसलं असतं. भर दुपारीही अतिनीलचा मोठा हिस्सा सूर्याच्या बिंबातून नव्हे तर आभाळातून येतो. हातगाडीवर मोठी रंगीत छत्री लावून बसलेल्या फळवाल्या मावशींना चटका लागत नाही हे खरं, पण त्यांच्या छत्रीखाली मी मोजलं तेव्हा बाहेरचा एक-तृतीयांश आकडा शिल्लक होता. मावशी म्हणाल्या, “सावलीत बसून पण मी काळीच हुतीया, ते आता कळलं.” आणि मला दोन चिकू जास्त घातले.

मग कापडं. हे गाव चादरी आणि टॉवेलांचं, कापड मोजायचं नाही तर काय मोजायचं? सेन्सरवर टेपऐवजी कापड ताणून धरायचं, दुपारी बाराला, आधी उघडं आणि मग झाकून, आणि भागाकार करायचा. सोलापुरी चादरीखाली आकडा शून्य. टॉवेलाखालीही तेच. पण चादर पांघरून कोण स्कूटी चालवणार? मुली तोंडाला बांधतात तो जॉर्जेटचा गुलाबी स्कार्फ, ज्यानं चेहरा ओळखू येत नाही, त्याच्या एका पदरातून चौथा हिस्सा येतो. दोन पदर घेतले की सोळावा. माझा पांढरा सुती सनकोट मध्यम निघाला, घामानं ओला झाल्यावर त्याहून वाईट, कारण ओल्या धाग्यांत प्रकाश कमी विखुरतो आणि सरळ आत येतो. टिनोपाल घालून धुतलेली तसलीच पांढरी ओढणी मात्र साध्या पांढऱ्यापेक्षा बरी. टिनोपालचं काम हेच: अतिनील शोषायचं आणि ते निळसर उजेड म्हणून परत फेकायचं, त्यामुळे कपडा पांढऱ्याहून पांढरा वाटतो.

यावर घरात एक जुनी आठवण निघाली. सासरे सूतगिरणीत पॅकिंगला होते. तिथे अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली सुताचे कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, फिरवून बघत, दुसऱ्या लॉटचं सूत चुकून मिसळलं असेल तर ते वेगळं चमके. आईंना ते ऐकून माहीत होतं. “तुझ्या सासऱ्यांना तो दिवा सोडून दुसरं काही दिसायचं नाही,” त्या म्हणाल्या. म्हणजे ज्या किरणांचा मी फळ्यावर नुसता बाण काढत होते, ते या घरात पगार आणत होते.

सगळ्यात सरस कापड कुठलं, तर आईंची गडद हिरवी इरकल. सुती, घट्ट विणीची, पक्क्या रंगाची. पदर डोक्यावरून घेतला तर आत काही येत नाही. रानात खुरपायला जाणाऱ्या बायका लुगड्यावर नवऱ्याचा फुलबाह्यांचा जुना सदरा घालतात आणि डोक्याला टॉवेल गुंडाळतात, तेही मोजणीत पहिल्या वर्गात पास. आम्ही शहरात पैसे देऊन सनस्क्रीनच्या बाटल्यांवरचे आकडे वाचत असतो. डोळे मात्र त्यांचेही उघडे आणि आमचेही. गांधी टोपीला तर पुढे काठच नाही, ती डोकं झाकते आणि कपाळाखालचं सगळं उन्हाच्या हवाली करते.

एक तक्रार मात्र मोजपट्टीबद्दल. अकराच्या पुढे ‘अती’ म्हणायचं तर मार्च ते सप्टेंबर आभाळ मोकळं असलं की सोलापुरात भर दुपार अतीच असते. जो भोंगा रोज वाजतो तो कुणी ऐकत नाही. शिवाय सावळ्या कातडीला जळायला वेळ जास्त लागतो, ती इशाऱ्याची लाली आमच्यात नीट दिसतही नाही. त्यामुळे इंडेक्सचा शब्द न सांगता वेळ सांगावी, असं माझं मत झालंय. शाळांची मैदानावरची कवायत दहाला नको, साडेसातला घ्या. उन्हाळ्यात शाळा सकाळच्या होतात त्या तापमानासाठी, पण सुटताना साडेअकराला पोरं चालत घरी जातात ते भर शिखराच्या अलीकडे. आणि पावसाळ्यात ही काळजी सोडू नये. ऑगस्टमध्ये पिंजलेल्या ढगांतून ऊन पडलं की आकडा कधीकधी मोकळ्या आभाळापेक्षाही वर उडी मारतो, कारण ढगांच्या कडा जादा प्रकाश खाली परावर्तित करतात. अंगाला गार वारा, आषाढीहून परतलेले वारकरी, आणि इंडेक्स बारा.

हे सगळं मी सांगोल्याला गेले तेव्हा मोठ्या उत्साहानं दिरांना ऐकवलं. त्यांची डाळिंबाची बाग आहे. आंबे बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहराची, फळं एप्रिल-मेमध्ये फुगायला लागतात आणि उघड्यावर आलेल्या फळांना उन्हाचा चट्टा पडतो, साल तपकिरी होते, दर पडतो. म्हणून हल्ली झाडांवर पांढरं कापड पांघरतात. मला वाटलं, हा सेन्सरचाच प्रांत. कापडाखाली धरून बघू, कुठलं कापड चांगलं ते सांगू.

दिरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वहिनी, तुमचं मशीन बाराला सगळ्यात जास्त दाखवतं ना? आमचं फळ बाराला नाही भाजत. चट्टा कुठं पडतो बघा.” आणि झाड फिरून दाखवलं. चट्टे होते ते फळांच्या पश्चिमेकडच्या, नैर्ऋत्येच्या गालावर. म्हणजे दुपार कलल्यावर, सूर्य तिकडे असताना आणि हवा सगळ्यात तापलेली असताना पडलेले. फळाच्या सालीचं तापमान हाच इथला मुख्य गुन्हेगार, अतिनील असलं तर साथीदार. माणसाच्या कातडीला बाराचं ऊन लागतं आणि डाळिंबाच्या सालीला चारचं.

तेव्हा आता सांगोल्याला एक सेन्सर कापडाखाली आणि एक बाहेर ठेवलाय, आणि दोन फळांच्या पश्चिमेकडच्या सालीखाली तापमानाचे बारीक प्रोब खोचलेत. दिरांची अट एकच, की वायरी फवारणीच्या आड येता कामा नयेत.